मदत हवी आहे: ग्राहकांसाठी बोटाने उजळणारं दिवाळी शुभेच्छापत्र – आवाज, अक्षरं आणि आउटलुक

नमस्कार मंडळी,

सुमारे ३५० व्यावसायिक ग्राहकांना पाठवायचं शुभेच्छापत्र आहे. पडद्यावर पाच पणत्या. बोट लावलं की एकेक पेटते. पाचवी पेटल्यावर दोन सेकंदांनी सनई सुरू होते, ‘शुभ दीपावली’ अक्षराअक्षराने उमटतं आणि खाली ग्राहकाचं नाव येतं. एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट वापरली आहे. अडतंय ते असं:

१. अँड्रॉइडवर सनई वाजते, आयफोनवर नाही.
२. उमटताना मात्रा सुटतात, मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं.
३. हेच पान मेलमध्ये टाकलं तर आउटलुकमध्ये सगळं कोरं.
४. नाव लिंकमधून येतं, त्यामुळे लिंक फार लांबते.

प्रतिसाद १

सनई टायमरवर सोडलीत, तिथेच चूक आहे. आयफोनचा ब्राउझर सफारी थेट स्पर्शाच्या कृतीतूनच आवाज सुरू करू देते. म्हणून पहिल्याच पणतीच्या क्लिकवर ऑडिओ कॉन्टेक्स्ट (ब्राउझरमधली आवाजाची यंत्रणा) रिझ्यूम म्हणजे सुरू करून ठेवा, मग सनई हवी तेव्हा वाजवा. टचस्टार्ट (बोट टेकताच मिळणारा इशारा) चालणार नाही. क्लिक किंवा टचएंड (बोट उचलताना मिळणारा) घ्या. आणि तपासताना आयफोन सायलेंटवर नाही ना ते आधी बघा, कारण वेब ऑडिओ त्यात गप्प होतो आणि माणूस उगाच कोड उसवत बसतो.

अक्षरांचं म्हणाल तर ‘दी’ म्हणजे संगणकाच्या लेखी द आणि वेलांटी असे दोन तुकडे. मजकूर स्प्लिट केला, म्हणजे चिन्हाचिन्हाने तोडला, की वेलांटी एकटी पडते, म्हणून ते वर्तुळ. मजकूर अक्षरांत तोडणारा जावास्क्रिप्टचा इंटल सेगमेंटर वापरता येतो, पण जुन्या ब्राउझरमध्ये तो जोडाक्षरं फोडतो. ‘लक्ष्मी’चे तुकडे होतात. त्यापेक्षा मजकूर तोडूच नका. अख्खी ओळ एकाच स्पॅनमध्ये (एचटीएमएलच्या एका टॅगमध्ये) ठेवून क्लिप-पाथने (सीएसएसमध्ये भाग झाकायची सोय) डावीकडून उजवीकडे उघडा. शिरोरेषा अखंड राहते, हातानं लिहिल्यासारखं दिसतं. ओळीची उंची १.६ ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्यच हवं, मराठीत ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.

प्रतिसाद २

मेलमध्ये जावास्क्रिप्ट चालत नाही, आउटलुक काय नि जीमेल काय. मेलमध्ये ६०० पिक्सेल रुंद एकच चित्र टाका आणि त्याला पानाची लिंक द्या. जिफ (हलतं चित्र) टाकणार असाल तर पहिल्याच चौकटीत (फ्रेममध्ये) पाचही पणत्या पेटलेल्या हव्यात, कारण विंडोजवरच्या आउटलुकच्या बऱ्याच आवृत्त्या तेवढीच चौकट दाखवतात. चित्र बेस-६४ करून, म्हणजे मजकुरात बदलून, मेलमध्ये कोंबू नका; एचटीएमएल १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल मेल कापतं. चित्रं बंद असणाऱ्यांसाठी आल्ट मजकूर (चित्राऐवजी दिसणारी ओळ) मराठीत लिहा.

लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरं खातं. ‘महालक्ष्मी’ या एका शब्दाची ९० होतात! नावाऐवजी सहा अक्षरांचा यादृच्छिक संकेत द्या. १, २, ३ असे क्रमांक नकोत, आकडा बदलून कोणीही तुमची ग्राहकयादी वाचेल.

धागाकर्ता

सनई आणि अक्षरं, दोन्ही सुटली. मनापासून आभार! आता व्हॉट्सअॅपवर लिंकसोबत जे पूर्वदृश्य (चित्र आणि शीर्षक) दिसतं त्यातही ग्राहकाचं नाव यावं, असं करता येईल का?

प्रतिसाद २

येईल, पण जावास्क्रिप्टने नाही. व्हॉट्सअॅप पूर्वदृश्य घेताना ती चालवत नाही. ग्राहकांच्या तक्त्यावरून ३५० वेगळी एचटीएमएल पानं तयार करा आणि प्रत्येकाच्या ओजी-टायटलमध्ये (पूर्वदृश्यात दिसणाऱ्या शीर्षकात) नाव घाला. चित्र सगळ्यांना एकच, १२०० बाय ६३० पिक्सेल, ३०० केबीच्या आत. पानांना नोइंडेक्स (शोधयंत्रांनी नोंद घेऊ नये अशी सूचना) लावा, म्हणजे नावं गूगलवर येणार नाहीत. नाव पानावर टेक्स्ट-कंटेंटनेच (निव्वळ मजकूर म्हणून) लिहा; ‘आणि’ऐवजी ‘&’ असलेली कंपन्यांची नावं इनर-एचटीएमएलमध्ये (जिथे मजकूर कोड म्हणून वाचला जातो) गोंधळ घालतात.

प्रतिसाद १

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना पाठवायची सोय) २५६ जणच बसतात, म्हणजे दोन याद्या लागल्या असत्या. पण वेगळ्या लिंका असल्याने प्रत्येकाला स्वतंत्रच पाठवावं लागेल. किती जणांनी पाहिलं ते पान उघडण्यावरून मोजू नका, कंपन्यांचे मेल तपासणारे सर्व्हर लिंका आपोआप उघडतात. पहिली पणती पेटली की मोजा. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर २०२६ ला, रविवारी आहे. गुरुवारी दुपारपर्यंत सगळं रवाना करा, त्यानंतर कचेऱ्या रिकाम्या होऊ लागतात.