रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, मग हृदयात 'गळती' कसली?

पेठेतली मावशी:
भाचा तेरा वर्षांचा. शाळेच्या स्पोर्ट्‌समध्ये धावताना कोसळला, थोड्या वेळात शुद्धीवर आला. साधा ईसीजी स्वच्छ. ट्रेडमिलवर पळवलं तेव्हा ठोके वेडेवाकडे. डॉक्टर म्हणाले सीपीव्हीटी (पळताना किंवा घाबरल्यावर हृदयाचे ठोके बिघडवणारा जनुकीय आजार), पेशीतल्या कॅल्शियमची गळती. आजीने लगेच दोन वेळा दूध आणि नाचणीसत्त्व सुरू केलंय. रिपोर्टात तर कॅल्शियम ९.४ आहे! कुणी सोपं करून सांगेल का?

निवृत्त मास्तर, कोथरूड:
ताई, नाचणी खाऊ दे बापडा, पण इथे तिचा संबंध नाही. रिपोर्टातलं ९.४ हे रक्तातलं, गळती मात्र हृदयाच्या पेशीच्या आतली. (फिजिऑलॉजी शिकवायचो, त्यामुळे लांबण लागेल.) पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतं. हृदयाच्या पेशीत मोठा साठा सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या जाळीत कोंडलेला. ठोक्याच्या वेळी बाहेरून थोडं कॅल्शियम शिरतं, त्याने जाळीची दारं उघडतात, साठा भसकन सुटतो, स्नायू आवळतो. मग सर्का नावाचा पंप ते उपसून परत आत भरतो.

या दाराला म्हणतात रायनोडिन रिसेप्टर, हृदयातला आरवायआर-२. सीपीव्हीटीत बहुतेकदा याच्याच जनुकात दोष सापडतो. पळताना, घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन वाढतं, पंप जोर करतो, साठा तुडुंब होतो आणि दार दोन ठोक्यांच्या मधेच झिरपतं. ते कॅल्शियम बाहेर काढताना बदल्यात सोडियम आत येतं, त्याच्या विद्युतभाराने अवेळी ठोका पडतो. खडकवासला धरणाचं दार गळत असताना पाऊस वाढवून काय होणार?

म्हणून अ‍ॅड्रेनलिनचा जोर अडवणारं नॅडोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल देतात, गरज पडली तर फ्लेकेनाइड हे ठोक्यांची लय सांभाळणारं औषध जोडतात. गोळी एकही दिवस चुकवायची नाही. पीटीच्या सरांना लेखी कळवा.

भूलवाली:
आमच्याकडे याचं भावंड भेटतं: आरवायआर-१, हातापायांच्या स्नायूंतलं. त्यात दोष असलेल्याला सेवोफ्लुरेन (हुंगवायची भूल) किंवा सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) दिलं की साठा सुटतच राहू शकतो. स्नायू ताठ, कार्बन डायऑक्साइड वाढतो, अंग तापतं. औषध डँट्रोलीन. म्हणून 'घरात कुणाला भुलीचा त्रास?' असं विचारतो आणि लोक वैतागतात! भाच्याचा प्रकार वेगळा, तरी कधी ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला सीपीव्हीटी आधी सांगा.

पेठेतली मावशी:
गोळी प्रोप्रॅनोलॉलच आहे. धाकटी बहीण टिळक टँकवर पोहायला जाते, तिला काहीच त्रास नाही. तिलाही दाखवायचं?

निवृत्त मास्तर, कोथरूड:
हो, आईवडिलांनाही. आधी भाच्याची जनुकचाचणी. दोष सापडला तर नेमका तोच बाकीच्यांत शोधतात. तिची ट्रेडमिल टेस्ट होईपर्यंत टँक बंद. या आजारात पोहतानाही मुलं बेशुद्ध पडतात.