मॅकबेथचा पहिला प्रवेश: अलंकार सापडतात, पुढे काय लिहायचं?

प्रश्न
तृतीय वर्ष, इंग्रजी वाङ्मय. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा पहिला प्रवेश तीन चेटकिणींचा, जेमतेम डझनभर ओळींचा. अनुप्रास, यमक, विरोधाभास सगळं सापडतं. पण शोकांतिकेची सुरुवात म्हणून त्याने काय साधतं, असं विचारलं की 'वातावरणनिर्मिती'च्या पुढे पेन सरकत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
'वातावरणनिर्मिती' आधी खोडा, तो शब्द कुठल्याही नाटकाला चिकटतो. चेटकिणींची एकच ओळ धरा: 'फेअर इज फाउल, अँड फाउल इज फेअर' (चांगलं तेच वाईट, वाईट तेच चांगलं). मॅकबेथ रंगमंचावर येतो थेट तिसऱ्या प्रवेशात, आणि त्याचं नाटकातलं पहिलंच वाक्य आहे 'सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन' (इतका वाईट आणि इतका चांगला दिवस मी पाहिला नाही). चेटकिणींचं बोलणं त्याने ऐकलेलं नाही, प्रेक्षकाने ऐकलंय. भेट होण्याआधीच त्यांचे शब्द त्याच्या तोंडी आलेले असतात. नाट्यात्म उपरोध तो हाच. दोन्ही ओळी उत्तरात शेजारी-शेजारी मांडा, निम्मं काम झालं.

दुसरा धागा सहसा निसटतो. लढाई 'लॉस्ट अँड वन' (हरून-जिंकून) झाल्यावर भेटू, असं चेटकीण म्हणते. पुढच्याच प्रवेशाच्या शेवटी फितूर कॉडॉरची सरदारकी मॅकबेथला देताना राजा डंकन म्हणतो, 'व्हॉट ही हॅथ लॉस्ट, नोबल मॅकबेथ हॅथ वन' (त्याने गमावलं ते मॅकबेथने जिंकलं). तीच जोडी, त्याच क्रमाने. सरदारकीबरोबर फितुरीही वारशाने गेली, हे राजाला कळत नाही. पूर्वसूचना म्हणून हेच उदाहरण द्या, विजा-गडगडाट नको.

प्रतिसाद २
लयीबद्दल एक पक्की चूक: शेक्सपिअर म्हटलं की सवयीने 'आयम्बिक पेंटामीटर' (हलका-जड अशा पाच जोड्यांची ओळ) लिहून टाकतात. इथे मोजून बघा. 'फेअर इज फाउल...' ही ओळ सात अवयवांची (सिलॅबल्सची), त्यात चार आघात, सुरुवात आणि शेवट दोन्ही आघातावर. सरदार मंडळी बोलतात ती साधारण दहा अवयवांची ओळ, पहिला अवयव हलका. म्हणजे चेटकिणी माणसांच्या लयीत बोलतच नाहीत. कानाला ते मंत्रासारखं लागतं. (आपले लघु-गुरू इथे लावू नका, हिशेब मात्रांचा नसून आघातांचा आहे.)

शेवटची 'हॉवर थ्रू द फॉग अँड फिल्दी एअर' मात्र नऊ अवयवांची, पाच आघातांची. शेवटच्या दोन ओळींत मिळून 'फ'ने सुरू होणारे सहा शब्द आहेत. नुसतं 'अनुप्रास आहे' म्हणू नका. 'फेअर' आणि 'फाउल' एकाच ध्वनीने सुरू होतात, म्हणून कानालाच त्यांच्यातला फरक पुसट होतो, असं लिहा.

प्रतिसाद ३
रंगमंचही विसरू नका. १६११ मध्ये सायमन फोरमन या ज्योतिषी-वैद्याने हे नाटक लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात पाहिल्याची त्याची नोंद आहे. ग्लोब म्हणजे मधे उघडं आकाश आणि दुपारचा प्रयोग. लोखंडी गोळा गडगडवून, ढोल बडवून मेघगर्जना काढता येई. धुकं मात्र बहुतेक शब्दांनीच उभं करावं लागे. 'फॉग' (धुकं) आणि 'फिल्दी एअर' (घाण हवा) हा तिथला पडदाच आहे म्हणा ना.

शिवाय पहिलं वाक्य प्रश्नार्थक आहे: पुन्हा कधी भेटायचं? म्हणजे त्यांची बैठक संपता संपता आपण पोचतो. आधी काय ठरलं ते कळत नाही, पुढच्या भेटीची वेळ, जागा आणि मॅकबेथचं नाव एवढंच कानावर पडतं. आपल्याकडे नाटक नांदीने, आशीर्वादाने सुरू व्हायचं. इथे पहिला आवाजच अशुभाचा.

प्रश्नकर्ती
आभार! मग 'फेअर इज फाउल'ला ऑक्सिमोरॉन म्हणू का?

प्रतिसाद १
नको. ऑक्सिमोरॉनमध्ये दोन विरोधी शब्द एकमेकांना चिकटून येतात, उदाहरणार्थ 'गोड वेदना'. इथे पूर्ण विधान आहे, म्हणून विरोधाभास. शब्दक्रम उलटून परत येतो, फेअर-फाउल-फाउल-फेअर, त्याला कायझमस म्हणा.