मदत हवी आहे: 'हॅव द लास्ट लाफ'ला मराठीत काय म्हणायचं?

चोपडेकर:
लवकर सांगा, पानं आज संध्याकाळी छापखान्यात द्यायची आहेत. वाक्य आहे 'शी हॅड द लास्ट लाफ'. मोबाइलने 'तिला शेवटचे हसू आले' असं करून दिलं. वाचून बाई गेल्याच असं वाटतं.

मेहरूणची_बोरं:
मथळा आहे की मजकुरातली ओळ? हसलं कोण, कशाला?

अमळनेरी:
'शेवटी तिने बाजी मारली' टाका नि मोकळे व्हा.

मेहरूणची_बोरं:
@अमळनेरी, बाजी कुणीही मारतं. इथे आधी टिंगल झालेली असावी लागते आणि निकाल टिंगल करणाऱ्यांवरच उलटावा लागतो. रॉकेटवर काम करणारा अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड घ्या. निर्वात पोकळीत रॉकेट चालणार नाही, एवढं शाळेतल्या पोरांनाही कळतं, अशा सुरात न्यूयॉर्क टाइम्सने 13 जानेवारी 1920 ला त्याची खिल्ली उडवली. अपोलो 11 चंद्राच्या वाटेवर असताना, 17 जुलै 1969 ला, त्याच पेपरने आपली चूक छापली. गोडार्ड तर 1945 मध्येच वारला होता, तरी 'गोडार्ड हॅड द लास्ट लाफ' बिनधास्त चालतं. म्हणजे माणूस खरंच हसायला हवा असं नाही. 'हसू' धरून बसू नका.

वांग्याचं_भरीत:
एवढं लांब कशाला? आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई आहेत की.

मेहरूणची_बोरं:
अत्र्यांनी 1952 साली त्यांच्या कविता पुढे आणल्या तेव्हा लोक थक्क झाले. थक्क होणं वेगळं, आधी खिदळणं वेगळं.

चोपडेकर:
मथळाच आहे हो, बचत गटाच्या स्मरणिकेतला. केळीच्या वेफरचा धंदा काढला तेव्हा 'केळी ढीगभर पडलीय गावात, वेफर घेणार कोण' म्हणून भाऊबंद हसत होते. आता माल पुरत नाही. एकच ओळ बसते.

अमळनेरी:
मग 'भाऊबंदांचे दात घशात!'

खापर:
आणि तेच भाऊबंद स्मरणिकेला जाहिराती देणारे निघाले तर? दात घशात घालायला समोरच्याची मुद्दाम खोड मोडावी लागते. बाईंनी कुणाला काही केलं नाही, धंदा केला. 'नाकावर टिच्चून'ही नको, ते विरोध चालू असताना केलेल्या कामाला. इथे मध्ये वेळ गेलाय. मथळा द्या: 'हसणारेच गप्प झाले'. त्यातला 'च' छापखानेवाल्याला काढू देऊ नका, डाव उलटल्याचं तोच सांगतो. आत मजकुरात 'हसणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली' चालेल.

तापीकाठ:
वेफरला केळी पूर्ण भरलेली पण कच्चीच घ्यावी. पिवळी झाक आली की साखर वाढते आणि तळताना काप काळपट होतात. किसणी थेट कढईवर धरायची. ताटात साठवले तर काप काळे पडून एकमेकांना चिकटतात.

मेहरूणची_बोरं:
@तापीकाठ, विचारलंय कुणी?

वांग्याचं_भरीत:
अहिराणीत करा ना: 'हासनारा आते कथा गयात?'

खापर:
झकास! पण 'कथा' म्हणजे 'कुठे' हे खान्देशाबाहेरच्या माणसाला कळणार नाही, तो गोष्ट समजेल.

चोपडेकर:
'हसणारेच गप्प झाले' दिलं. अहिराणी ओळ फोटोखाली टाकली, स्मरणिका बाहेर जातेच कुठे. @तापीकाठ, तेल कोणतं म्हणता?