रॉयल्टीला काय म्हणावं? मानधन, बिदागी की उचल?

रूथ ब्राउन या अमेरिकन गायिकेवर लेख लिहितेय. रॉयल्टीला कोशात स्वामित्वधन आहे पण ते फारच सरकारी वाटतं, मानधन चालेल का?

--

मानधन नको प्लीज. मानधन एका कामाचं एकदाच मिळतं आणि किती द्यायचं ते देणारा ठरवतो, रॉयल्टी हक्काची, रेकॉर्ड विकली जातेय तोवर मिळायला हवी. आणि हिच्या आयुष्यातला मोठा लढा तोच आहे हो! १९५० सालचं 'टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' रिदम अँड ब्लूजच्या (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा संगीतप्रकार) लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ११ आठवडे पहिलं होतं, हिच्या गाण्यांवर अटलांटिक ही रेकॉर्ड कंपनी इतकी उभी राहिली की लोक कंपनीला रूथनं बांधलेलं घर म्हणायचे, आणि तीच बाई साठच्या दशकात लोकांकडे घरकाम करत होती, शाळेची बस चालवत होती. सरळ रॉयल्टीच लिहा, सगळ्यांना कळतं.

--

कार्यक्रमाच्या पैशांना मात्र बिदागी लिहा, छान शब्द आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत ती तंबाखूच्या गोदामांतसुद्धा गायलीये, मध्ये दोर बांधलेला, एका बाजूला गोरे नि दुसऱ्या बाजूला काळे. पोट चालायचं ते या दौऱ्यांवर.

--

आणि रॉयल्टी मिळायची का नाही तेही लिहा. गाणं रेकॉर्ड करताना थोडे पैसे हातात द्यायचे, ती उचल, तमाशाच्या फडात देतात तशीच. मग स्टुडिओ, वादक सगळा खर्च गायिकेच्या खात्यात, आणि तो फिटेपर्यंत रॉयल्टी नाही. म्हणजे गाणी गाजतायत आणि वर हिच्याकडेच येणं दिसतंय!

--

फक्त उचल शब्द जपून वापरा. उचल आपण मागून घेतो, पैसे हातात पडतात. स्टुडिओचं भाडं हिच्या हातात कधी आलंच नाही, तिथे 'खर्च तिच्या नावे टाकला' असंच हवं, कारण टाकणारा दुसरा होता हे त्यातूनच कळतं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

--

पटलं, दोन्ही वेगळं लिहिते. आता शेवटचं, हॉवेल बेगल नावाच्या वकिलानं तिची बाजू घेतली, बरीच वर्षं भांडून १९८८ साली अटलांटिकनं तिच्यासकट त्या काळातल्या बऱ्याच कलाकारांची कर्जं सोडून दिली आणि मागच्या २० वर्षांची रॉयल्टी द्यायचं कबूल केलं. याला नुकसानभरपाई म्हणू?

--

नाही नाही, थकबाकी! भरपाई म्हटलं की कंपनीनं उदार होऊन काही दिलं असं वाटतं, हे तिचेच अडकलेले पैसे होते. आणि कर्ज 'माफ केलं' पण लिहू नका, 'खात्यातून काढून टाकलं' लिहा. त्याच सुमाराला रिदम अँड ब्लूज फाउंडेशन निघालं, जुन्या गायक-वादकांना मदत करायला, तेही घ्या लेखात. पुढच्याच वर्षी तिला ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी) कामासाठी टोनी हे नाटकाचं मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा ती ६१ वर्षांची होती.