स्प्रिंटसाठी पाया नेमका कशाचा बांधायचा?

लेन_चार
नमस्कार मंडळी. वय 19, शंभर मीटर हँड टायमिंगवर 11.9. सीझनला चार महिने आहेत. ग्रुपमधले सीनियर म्हणतात, आधी दोन महिने रोज पाच किलोमीटर पळून दम वाढव, स्पीडचं नंतर बघू. जिमला जातो, पण लेग डेनंतर दोन दिवस पायऱ्या उतरवत नाहीत, ट्रॅकवर पाय जड पडतात. मागच्या सीझनला डावी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दोनदा धरली होती. काय करू?

स्पाइक्सवाली_ताई
अरे, पळायचंय शंभर मीटर आणि तयारी पाच किलोमीटरची? टॉप स्पीडला पाऊल जमिनीवर जेमतेम 0.1 सेकंद असतं. तेवढ्यात वजनाच्या कितीतरी पट जोर जमिनीत घालायचा. पाया म्हणजे हा जोर लावायची आणि सोसायची ताकद. रोजच्या जॉगिंगने ती येत नाही.

आधी हॅमस्ट्रिंग. पाय पुढे फेकला की पाऊल टेकायच्या आत पोटरीला ब्रेक लावायचं काम तिचं, तेही ताणलेल्या अवस्थेत. बहुतेकांची तिथेच धरते. म्हणून ताणत ताणत ताकद लावणारे व्यायाम हवेत: रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ, गुडघे किंचित वाकवून, कंबर मागे ढकलत बार खाली न्यायचा) आणि नॉर्डिक. नॉर्डिकमध्ये गुडघे मॅटवर, घोटे कुणीतरी दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून खांद्यापर्यंत एका रेषेत राहून हळूहळू पुढे झुकायचं. कंबरेत वाकलास की व्यायाम फुकट! एका टप्प्यावर ताबा सुटतो, तिथे हात टेक. पहिल्या आठवड्यात दोन सेट, पाच-पाच रेप्स, बास. हौसेने जास्त केलेस तर तुझ्या त्या पायऱ्या आहेतच.

पोटऱ्यांकडे कुणी बघत नाही. एका पायावर काफ रेझ कर, म्हणजे टाच उचलायची आणि खाली आणायची, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. स्नायू लवकर तयार होतात, टेंडनला (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) महिने लागतात, म्हणून हे आजच सुरू कर. उड्या नंतर, त्याही छोट्या.

स्प्रिंट मात्र पहिल्या आठवड्यापासून. 10 ते 30 मीटर, पूर्ण विश्रांती घेऊन: दर दहा मीटरमागे साधारण एक मिनिट. बाकीचे बसलेला बघून हसतील, हसू देत.

चारशेवाला
ताई, दम अगदीच वाऱ्यावर सोडू नका हो. आमच्या इव्हेंटला त्यावाचून भागत नाही.

स्पाइक्सवाली_ताई
चारशेचं गणित वेगळं, मान्य. यालाही टेम्पो आहेच की: गवतावर शंभर-शंभर मीटर, सत्तर टक्क्यांच्या आसपास, संपल्यावर बोलता आलं पाहिजे. जीभ बाहेर आली तर तो टेम्पो नव्हे.

लेन_चार
सोमवारी स्प्रिंट आणि मंगळवारी लेग डे, असं चालेल?

स्पाइक्सवाली_ताई
नको. मग पायांना मोकळा दिवसच मिळत नाही. एकाच दिवशी दोन्ही कर: आधी स्प्रिंट, मग जिम. स्क्वॉटचे तीन-चार सेट, तीन ते पाच रेप्स, आणि अजून दोन निघाले असते असं वाटताना बार रॅकवर ठेव. दुसऱ्या दिवशी टेम्पो किंवा आराम. असे जोरदार दिवस आठवड्यात दोन, फार तर तीन.

आणि ती डावी बाजू अजून ओढत असेल तर फुल स्पीडच्या आधी फिजिओला दाखव. दोनदा धरलेली आहे, तिसऱ्यांदा धरायला वेळ लागत नाही.