एएम४ला ‘मेलेलं’ म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

सोल्डरराव
पलीकडच्या धाग्यावर साताऱ्याच्या एका पोराने साधा प्रश्न विचारला. ५० हजारांत गेमिंग पीसी करायचाय, मॉनिटर आहे, चुलतभावाच्या जुन्या मशीनची १६ जीबी डीडीआर४ रॅम पडून आहे, तर बोर्ड आणि प्रोसेसर कुठला घेऊ? त्यावर पॉवरऑन यांचा प्रतिसाद: “एएम४ मेलेलं आहे. एएम५ घे, नाहीतर सहा महिने थांबून पैसे साठव.” खाली +१ची रांग. (एएम४, एएम५ म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरांची जुनी आणि नवी सॉकेटं, बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा.) तिथेच लिहिणार होतो, पण लांबत गेलं.

मेलेलं म्हणजे काय हो? एएम४वरचा प्रोसेसर रायझन ५ ५६०० आला २०२२च्या एप्रिलमध्ये. सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश, ६५ वॅट, डब्यात कुलरही येतो. व्हॅलोरंट, सीएस२, जीटीए, यातलं काय त्याच्यावर चालत नाही ते सांगा. १०८०पीला खेळणाऱ्याचं घोडं अडतं ग्राफिक्स कार्डापाशी. एएम५ला डीडीआर५शिवाय गत्यंतर नाही, आणि २०२५च्या शेवटी रॅमचे भाव कुठे जाऊन बसले ते पॉवरऑन यांनी एकदा दुकानात जाऊन विचारावं. सगळा माल एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांकडे. म्हणजे घरची रॅम ठेवायची माळ्यावर, नवी घ्यायची सोन्याच्या भावाने, वर बोर्डही महाग. कार्डाला उरणार काय, कप्पाळ?

५६०० घ्या, बरासा बी५५० बोर्ड घ्या, उरलेले सगळे कार्डात घाला. “पुढे अपग्रेड करता येईल” हे बजेटवाल्याला दाखवलेलं गाजर आहे. पुढे तो नोकरीला लागतो आणि लॅपटॉप घेतो.

पॉवरऑन
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. गाजर? २०१७ साली बी३५० बोर्डावर रायझन ५ १६०० घेतला होता. २०२२मध्ये बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि त्याच बोर्डावर ५८००एक्स३डी, म्हणजे जादा कॅशवाला प्रोसेसर, बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेटमधली धूळसुद्धा तीच. तुम्ही ज्या एएम४च्या आरत्या ओवाळताय ते या गाजरामुळेच एवढं टिकलं. एएम५साठी नवे प्रोसेसर २०२७पर्यंत आणि पुढेही काढू, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. आत्ता एएम५चा ७५००एफ आणि साधा ए६२० बोर्ड, नंतर एक्स३डी. पडून असलेल्या रॅमपायी पुढची पाच वर्षं गहाण टाकायची का?

चौदाएनएम
दोघेही एकाच पंथाचे. इंटेलचा आय५-१२४००एफ नावाचा प्राणी पृथ्वीवर आहे हे कुणाच्या गावीही नाही! सहाही कोअर मोठे, ई-कोअरची (छोट्या कोअरची) भानगड नाही, डीडीआर४ चालते, त्याच सॉकेटवर १३वी-१४वी पिढी बसते. पण इथे इंटेल म्हटलं की विटाळ होतो.

सोल्डरराव
@चौदाएनएम एच६१० बोर्डावर ना? रॅमचे स्लॉट दोनच, रॅमचा वेग वाढवायची सोय नाही, एसएसडीला प्रोसेसरची थेट लेन (डेटाची वाट) नाही. बी६६० घ्यायला गेलं की बजेट बोंबललं. आणि १४व्या पिढीचं नाव नकाच काढू. व्होल्टेजच्या घोळापायी २०२४मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

चौदाएनएम
त्यात १२वी पिढी नव्हतीच. अर्धी बातमी वाचून अख्खी भीती घालायची, ही इथली जुनी खोड.

मृदुला_के
६५ वॅटच्या ५६००ला बी५५० हवाच कशाला? स्वस्तातला ए५२० बोर्ड आरामात पेलतो. सोल्डरराव, मदरबोर्ड हा तुमचा हळवा कोपरा आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे, हलके घ्या. फक्त ए५२०ला पीसीआयई, म्हणजे कार्डाकडे जाणारी वाट, जुन्या ३.० पिढीची आहे हे लक्षात ठेवा. आरएक्स ६६०० कार्ड आठ लेनवर चालतं, त्याला फारसं जाणवत नाही. ६५०० एक्सटीला चारच लेन, ते ३.०वर सडकून मार खातं. आणि स्वस्त दिसतो म्हणून आतच ग्राफिक्स असलेला ५६००जी घेऊन वर कार्ड लावणाऱ्यांना माझा साष्टांग दंडवत. कॅश निम्मी, पीसीआयई ३.०.

अवांतर: कुलर काढायचा तर आधी अर्धा तास गेम चालवून प्रोसेसर-कुलरमधली पेस्ट गरम करा, मग बंद करून डावी-उजवीकडे फिरवत सैल करा. माझ्या भावाने सरळ वर उपसला. सॉकेटची लिव्हर बंद होती तरी प्रोसेसर कुलरला चिकटून बाहेर आला, कडेच्या रांगेतल्या पिना आडव्या. मेकॅनिकल पेन्सिलीची शिसं काढून त्या नळीने एकेक पिन सरळ करत बसलो होतो.

खवट_पुणेकर
बोर्ड कुठलाही घ्या, पक्कं बिल घ्या. भाच्याला एका दुकानदाराने “१८ टक्के वाचतील” म्हणून बिलाऐवजी चिठोऱ्यावर पेनाने रक्कम लिहून दिली. बोर्ड गेला. सर्व्हिस सेंटर म्हणतं बिल आणा, दुकानदार म्हणतो कोण तुम्ही. सगळे चोर.

लॅमिंग्टनवाला
दुकानदार आहे म्हणून लिहितो. बिल नको म्हणणारं गिऱ्हाईकच असतं, साहेब. आमच्या काउंटरला टेकून मोबाईलवर ऑनलाइन भाव दाखवणार, तासभर सगळी माहिती काढून घेणार, माल ऑनलाइनच मागवणार. मग परवासारखं होतं. बी४५०वर ५६०० बसवलेला, पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. बायोस जुना, बोर्डाला फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायोस बदलायचं) बटण नाही. आमच्याकडचा जुना रायझन २६०० बसवून बायोस अपडेट करून दिला. ३०० रुपये मागितले तर म्हणे, एवढंसं तर काम!

खवट_पुणेकर
तो बोर्ड डब्यावर “रायझन ५०००साठी तयार” असा स्टिकर नसताना विकला कुणी? तुमच्यासारख्याच कुणीतरी. आणि ट्रे (डब्याशिवायचा सुटा) प्रोसेसर डब्यातला म्हणून खपवतात त्याचं काय?

लॅमिंग्टनवाला
ट्रे म्हणून सांगूनच विकतो. कुलर नाही, कंपनीची वॉरंटी नाही, दुकानाची एक वर्ष. बऱ्याच कंपन्यांची बोर्डाची वॉरंटी सिरियल नंबरवर चालते, बिल विचारतही नाहीत. ठाऊक नसताना चोर म्हणू नका.

खवट_पुणेकर
बिल नसलं की तीच वॉरंटी विक्रीऐवजी बनवल्याच्या तारखेपासून मोजतात. गोदामात वर्षभर पडलेला बोर्ड असेल तर एक वर्ष गेलंच की. हे गिऱ्हाइकाला सांगता का?

लॅमिंग्टनवाला
विचारलं तर सांगतो.

खवट_पुणेकर
वा! “विचारलं तर.”

साताराएफपीएस
मीच तो. सगळ्यांचे आभार. बिलाचं कळलं, पण घेऊ काय? ओळखीचा एकजण चौथ्या पिढीचा आय५ आख्खा पीसी १५ हजारांत देतोय.

मृदुला_के
अजिबात नको. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ती रॅम दोन आठच्या आहेत की एक सोळाची?

साताराएफपीएस
एकच आहे. साधारण बोटभर लांब. लॅपटॉपमधून काढली होती.

पॉवरऑन
😂😂😂 घरची रॅम! बोर्डात बसतच नाही ती! सोल्डरराव, या.

सोल्डरराव
हसा. त्याने प्रश्नात “मशीन” लिहिलं होतं. डीडीआर४ विकत घ्यावी लागली तरी हिशेब माझ्याच बाजूने झुकतो, फार तर थोडा कमी.

पॉवरऑन
डीडीआर४पण महागलीय.

सोल्डरराव
माहीत आहे. बरं, त्याच्याकडे अजून दहा हजार असते तर मीही ७५००एफच सांगितला असता, झालं समाधान? नाहीयेत. ५० म्हणजे ५०. बी५५०चा हट्टही सोडतो, मृदुलाताईंचा ए५२० घे. बोर्डात वाचलेले दोन-तीन हजार रॅमला लाव, पण आठ-आठच्या दोन घे, एक सोळाची नको.

चौदाएनएम
१२४००एफ + एच६१०. शेवटचं सांगतोय.

लॅमिंग्टनवाला
साताऱ्याच्या भाऊ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ए५२० बायोस तपासून देतो.

खवट_पुणेकर
पक्क्या बिलासकट?

लॅमिंग्टनवाला
जीएसटी नंबर छापलेल्या बिलासकट. तुम्हीपण या, रविवार सोडून कधीही.