मदत हवी आहे: थारच्या पोटाखाली पोलाद की ॲल्युमिनियम?

नमस्कार मंडळी. राहतो ऐरोलीत, गाडी थार डिझेल फोर बाय फोर. गेल्या पावसाळ्यात मुरबाडच्या पुढे कच्च्या रस्त्यावर दगड असा लागला की पोटाखालचा पत्रा आत दबला. तेल गळलं नाही, पण मुलं मागे बसली होती. काळजात धस्स झालं. आता खालून पक्कं संरक्षण हवंय.

अडलोय ते स्किड प्लेटवर, म्हणजे इंजिनाखाली लावायच्या जाड संरक्षक पत्र्यावर. एका चौरस मीटरला ४ मिमी पोलाद साधारण ३१ किलो भरतं, ६ मिमी ॲल्युमिनियम १६ किलो. वजनाचा फरक मोठा आहे, पण पोलाद दगडावरून घसरून निघतं, ॲल्युमिनियम खरवडून अडकतं. म्हणून माझं मन पोलादाकडे. फक्त आमच्याकडे खाडीची खारी हवा, त्यात चार महिने चिखल. गॅल्वनायझिंग (जस्ताचा थर) करून घ्यावं की पावडर कोटिंग टिकतं? दगडाने कोटिंग उडालं की तिथूनच गंज धरेल ना?

रॉक स्लायडर, म्हणजे दारांखालची बाजू दगडापासून वाचवणारे मजबूत पाइप, चॅसिसला बोल्टनेच लावायचे, हे ठरलंय. तुर्भ्यातले एक वेल्डर थेट वेल्ड करू म्हणतात, ते मला पटत नाही. बुल बार (पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड) नकोच. २०१७ मध्ये केंद्राने मनाई केलीय आणि एअरबॅगच्या सेन्सरचाही प्रश्न आहे.

ठाणे, कळवा, तुर्भे भागात कुणी हे काम करून घेतलंय का? ऑइल बदलायला प्लेटला भोक ठेवलंत, की दरवेळी पूर्ण उतरवता? दोन पावसाळे काढलेल्या प्लेटचे फोटो असतील तर जरूर टाका.